मोरी तुंबली, दोष कोणाचा?

गृहस्थाश्रमांत जीं लहानसहान संकटें माणसाची परीक्षा पाहतात, त्यांत मोरी तुंबण्यास आम्ही बरेंच वरचें स्थान देऊं. घरांत चोर शिरला तर शेजारी धांवतात, दुखणें आलें तर डॉक्टर येतो. पण सांडपाणी उलटून वर आलें म्हणजे घरचीं माणसें प्रथम एकमेकांकडे पाहतात, मग मोलकरणीकडे पाहतात आणि शेवटीं यंत्राकडे पाहतात. मोरीकडे मात्र कोणी पाहत नाहीं. तिच्याकडे पाहण्याची आपल्याला संवयच नाहीं. आमचेंहि असेंच होतें. ती संवय आम्हांला कशी लागली आणि तिचा उपयोग काय झाला, हें वाचकांच्याहि कामीं येईल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांतील गोष्ट. फराळाचा घाट चालू होता, पाहुणे उतरले होते आणि घरांतले सारे पडदे व चादरी धुलाईयंत्रांत पडल्या होत्या. हें यंत्र आमच्या स्वयंपाकघरालगतच्या लहानशा गॅलरींत असतें. त्याच्या निचऱ्याची नळी तेथल्याच मोरीच्या जाळींत सोडलेली. यंत्रानें पहिलें पाणी सोडलें मात्र, आणि जाळींतून काळसर, फेसाळ पाणी वर येऊन उंबरठा ओलांडून थेट स्वयंपाकघरांत शिरलें. चकलीचा सोऱ्या घेऊन बसलेल्या सौभाग्यवती पाट उचलून उभ्या राहिल्या. "अहो, यंत्रच बिघडलें आहे, आजच्या आज माणूस बोलवा," असा हुकूम सुटला. माणूस आला, त्यानें यंत्र उघडून पाहिलें, "यंत्र ठीक आहे" म्हणाला आणि येण्याचे पैसे घेऊन गेला. मग कोणीसें सुचविलें म्हणून आम्हीं बाजारांतून मोरी साफ करण्याची पूड आणून ओतली. पाणी होतें तेथेंच राहिलें; त्याला हात लावण्याची सोय मात्र उरली नाहीं.

हा सारा गोंधळ मातोश्री शांतपणें पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, बेसिनचें पाणी जातंय ना ? न्हाणीघरांतलं जातंय ना ? मग अडलंय तें इथंच, ह्या कोपऱ्यांत. घरभर कशाला शोधतोस ?" त्यांचें अर्धें आयुष्य वाड्याच्या न्हाणींत दगडावर धुणें आपटण्यांत गेलें. यंत्राची त्यांना फारशी ओळख नाहीं, पण पाण्याची आहे. आम्हीं रबरी हातमोजे चढविले, डोळ्यांना चष्मा लावला आणि प्लॅस्टिकच्या मगानें तें पूड कालविलेलें पाणी उपसून, वाहत्या मोरींत भरपूर पाण्याबरोबर सोडून दिलें. त्या उपशांत एक थेंब मनगटावर उडाला. त्याचा डाग अजून आहे. जाळी उचलल्यावर खालीं सांपडला तो सुतांचा, केसांचा व साबणाचा एक घट्ट लगदा आणि त्याच्या मध्यभागीं नातवाचा एक मोजा. तो निघाला आणि पाणी घळघळ निघून गेलें. सारें काम अर्ध्या तासाचें. त्यासाठीं आम्हीं एक दिवस, एका माणसाची मजुरी आणि मनगटाची थोडी कातडी खर्चीं घातली होती.

पाणी तेंच, चाल निराळी

यंत्र निर्दोष असलें तरी पाणी यंत्र लावल्यावरच वर येतें, हें कसें ? हाताच्या धुण्याचें पाणी मोरींत थोडथोडें जातें. एक पिळा काढला, थोडें गेलें. बादली उपडी केली, आणखी गेलें. मध्यें साबण लावण्यापुरती मोरीला विश्रांति. यंत्राची चाल अशी नाहीं. मोठ्या यंत्राचा पंप चाळीस-पन्नास लिटर पाणी दोन-तीन मिनिटांत बाहेर लोटतो. म्हणजे दोन-तीन भरल्या बादल्या एकामागून एक ओतल्यासारखें होतें, आणि एका धुण्यांत असा लोट दोन-तीन वेळां येतो. वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेली मोरी यंत्र आल्यावर एकाएकीं बंड करते, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच. ती आधींच अर्धी तुंबलेली असते. यंत्रानें तें उघडकीस आणलें इतकेंच.

अर्धी तुंबलेली म्हणजे किती, ह्याचें गणित सोपें आहे. दोन इंची नळाच्या आंतून सर्व बाजूंनीं पाव इंच जाडीचा थर बसला, तर मध्यें दीड इंची वाट उरते. पाव इंच तें काय, असें वाटतें. पण तोंड वर्तुळाकार असल्यामुळें पाण्याच्या वाटेचें क्षेत्रफळ शेंकडा ४४ नीं घटतें. थर खडबडीत असल्यानें पाण्याचा वेग मंदावतो तो निराळाच.

हा थर बसतो कशाचा ? बोअरच्या जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार असतात. त्यांचा साबणाशीं संयोग झाला म्हणजे न विरघळणारी चिकट साय तयार होते. हल्लींच्या डिटर्जंटमध्यें हा दोष कमी. पण 'जास्त पूड, जास्त स्वच्छता' ह्या समजुतीनें चमच्यावर चमचे टाकले, तर न विरघळलेली पूडच नळांत जाऊन बसते. तिच्यावर टॉवेल, पंचे व सुती चादरी ह्यांचें सूत चिकटतें, त्यावर केस गुंततात. स्वयंपाकघराचें सांडपाणी त्याच नळास मिळत असेल, तर खरकट्याबरोबरचें तेल-तूप थंड होऊन त्यांत भर घालतें. आडव्या नळाला दर फुटास पाव इंचाच्या सुमारें उतार हवा. गवंड्यानें फरशी बसवितांना तो राखला नसेल, तर हा थर अधिकच लवकर बसतो.

पाणी कोठें वर आलें ?

मातोश्रींच्या प्रश्नांत जी गोष्ट होती, तीच ह्या विषयाची गुरुकिल्ली आहे. पाणी कोठें आणि केव्हां वर येतें हें पाहिलें, कीं अडथळा कोठें आहे हें बहुधा कळतेंच. मात्र त्यापूर्वीं एक काम करावें. यंत्राभोंवतीं पाणी सांचलेलें असेल तर त्यांत पाय न घालतां प्रथम घराच्या मुख्य बटणावरून त्या बाजूची वीज बंद करावी, मग कोरड्या हातानें यंत्राचा प्लग काढावा. ओल्या फरशीवर उभें राहून चालू प्लगला हात घालण्याइतकी घाई कोणत्याहि मोरीची नसते.

आतां खुणा. पाणी यंत्राच्या पोटांतच राहिलें आणि जमीन कोरडी, तर मोरी निर्दोष आहे. निचऱ्याची नळी यंत्रामागें दबली किंवा मुरगळली असेल, अथवा पंपापुढच्या गाळणींत नाणें, बटण, टांचणी असें कांहीं अडकलें असेल. समोरून झांकण असलेल्या बहुतेक यंत्रांत ही गाळणी खालच्या कोपऱ्यांत एका लहान झांकणामागें असते. ती उघडण्यापूर्वीं खालीं ताट व फडकें ठेवावें. उलट, पोट रिकामें आणि जमीन ओली, तर यंत्रानें आपलें काम केलें आहे. चौकशी मोरीची करावी.

पाणी फक्त यंत्राजवळच्याच जाळींतून वर येतें, घरांतलीं इतर पाणीं नीट जातात, तर अडथळा त्या जाळीच्या खालीं किंवा तेथून मुख्य नळापर्यंतच्या तुकड्यांत आहे. यंत्र पाणी सोडतांना न्हाणीघराच्या जाळींतून पाणी डोकावतें, तर अडथळा त्या दोन्ही वाटा एकत्र होतात त्याच्या पुढें आहे. आपले सर्व नळ बंद असतांहि पाणी वर येतें, तर तें आपलें नव्हेच. वरच्या बिऱ्हाडांचें पाणी अडून सर्वांत खालचें तोंड शोधीत आलें आहे. तळमजल्यावरील कुटुंबांना हा भोग वारंवार येतो. अशा वेळीं त्यांनीं आपल्या मोरींत कितीहि खटपट केली तरी व्यर्थ. वरच्या मंडळींना पाणी थांबविण्यास सांगून सोसायटीच्या चिटणिसांना गांठावें. आणि पाणी जातें पण गुडगुड आवाज होतो, मागाहून दुर्गंधि येते, तर नळांत हवेची वाट कोंडली आहे. गच्चीवर नेलेल्या हवेच्या नळाचें तोंड पक्ष्याच्या घरट्यानें वा पाल्यानें बुजलें आहे काय, तें पाहावें.

शंका उरल्यास यंत्र बंद ठेवून बादलीचा प्रयोग करावा. जाळींत एक बादली पाणी एकदम ओतावें, लगेच दुसरी, लगेच तिसरी. पहिल्याच बादलीला पाणी वर आलें तर अडथळा अगदीं जवळ. पहिली जाते आणि तिसरी वर येते, तर तो बराच पुढें आहे व मधला नळ हौदासारखा भरतो आहे. हें लक्षांत असलें म्हणजे प्लंबरला बोलाविल्यावर 'कोठेंतरी तुंबलें आहे' असें न सांगतां जागा दाखवितां येते, आणि विनाकारण फरशी फोडणें टळतें.

उपाय क्रमानें

पहिला उपाय हात. मोजे घालून जाळी काढावी, आंतली टोपी उचलावी, गाळ कागदावर घेऊन कचऱ्यांत टाकावा. तो पाण्यानें पुढें लोटणें म्हणजे संकट चार फूट पुढें ढकलणें होय. दुसरा उपाय रबरी पंप. ह्याच्या वापरांत बहुतेकांची चूक होते ती दोन ठिकाणीं. रबराची वाटी बुडेल इतकें पाणी जाळीवर असलें पाहिजे, आणि त्याच नळास मिळालेलीं जवळचीं इतर तोंडें ओल्या फडक्यानें दाबून धरलीं पाहिजेत; नाहींतर सारा जोर तेथून निसटतो. दहापंधरा वेळां एका लयींत दाबावें व ओढावें. ओढण्याचें महत्त्व दाबण्याइतकेंच आहे. तिसरा उपाय लवचिक तारेची स्प्रिंग. ती फिरवीत फिरवीत आंत घालावी, अडल्यास बळजबरी करूं नये. वाट मोकळी झाल्यावर दोन-तीन बादल्या कोमट पाणी ओतावें. उकळतें ओतूं नये, पी. व्ही. सी. चे नळ सुमारें ८० अंश उष्णतेला मऊ पडतात व त्यांचे सांधे सुटण्याची भीति असते.

पुडीविषयीं मात्र आम्ही आग्रहानें लिहितों, कारण आमचें मनगट त्याला साक्ष आहे. मोरी साफ करण्याच्या पुष्कळ पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यांत पडतांच पाणी तापतें. वाट सर्वस्वी बंद असेल तर तें दाहक पाणी तेथेंच उभें राहतें आणि पुढें जो कोणी हात घालील त्याला भाजतें. त्यावर लागलेंच ॲसिड ओतलें तर मिश्रण उसळून अंगावर येतें. ॲसिड आणि ब्लीचिंगचें द्रावण एकत्र झालें तर क्लोरिन वायु सुटतो, आणि कोंदट न्हाणीघरांत तो जीवघेणा ठरूं शकतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर ह्यांचा उपाय हल्लीं फार सांगितला जातो. तो निरुपद्रवी खरा, पण त्यांत फेसापलीकडे फारसें कांहीं घडत नाहीं. पूड घातलेली असेल तर येणाऱ्या माणसाला तसें स्पष्ट सांगावें. तें लपविणें म्हणजे त्याच्या हाताशीं दगा करणें आहे.

पुन्हां प्रसंग येऊं नये म्हणून करावयाचें तें थोडेंच आहे. पूड यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितली तितकीच घालावी. निचऱ्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधून दर धुण्यानंतर ती झटकावी. सूत साठून ती स्वतःच बूच होतां कामा नये. नळी मोरींत खोल खुपसूं नये, तिच्याभोंवतीं हवेला वाव ठेवावा. आणि पुस्तिकेंत सांगितल्या उंचीवरून ती वळवून आणावी, नाहींतर कांहीं यंत्रांत पाणी भरतां भरतांच ओढलें जाऊन वाहून जातें. बाळाचे मोजे व रुमाल पिशवींत घालून धुवावे. महिन्यांतून एकदां, सणाची वाट न पाहतां, जाळी उघडून पाहावी.

टोपी फेकूं नका

जाळीखालच्या ज्या टोपीचा वर उल्लेख केला, तिच्यावर अनेक घरांत मोठा अन्याय होतो. 'हिच्यामुळें पाणी हळू जातें' म्हणून ती काढून अडगळींत टाकतात. प्लंबर लोक ह्या सबंध भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला न्हाणी हा शब्दच इमारतबांधणीच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसला आहे. ट्रॅपमध्यें साधारण दोन इंच पाणी नेहमीं उभें राहतें, आणि तें गटाराची हवा व घराची हवा ह्यांच्यामध्यें दार बनून राहतें. कल्पना जुनी आहे. लंडनमध्यें धंदा करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग ह्या स्कॉटिश घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं अशाच पाणी अडवून धरणाऱ्या वांकड्या नळाचें पेटंट घेतलें होतें.

तें दार उघडें राहिलें तर काय होतें, हें २००३ सालीं हाँगकाँगमधील ॲमॉय गार्डन्स ह्या वसाहतींत दिसून आलें. सार्स ह्या श्वसनरोगाची सांथ चालू असतां तेथील तीनशेंहून अधिक रहिवाशांना थोड्या दिवसांत लागण झाली. तपास करणारांना आढळलें कीं, अनेक घरांत न्हाणीघराची जमीन धुण्याऐवजीं पुसून घेत. त्यामुळें जाळीखालच्या ट्रॅपमधील पाणी सुकलें होतें, आणि हवा ओढणाऱ्या पंख्यांनीं सांडपाण्याच्या नळांतील दूषित हवा घरांत खेंचून घेतली असावी. म्हणून टोपी धुवावी, पण परत बसवावी. आणि जी मोरी वापरांत नाहीं, तींतहि आठवड्यास तांब्याभर पाणी ओतावें. परगांवीं जाऊन आल्यावर घराला जो वास येतो, त्याचें मूळ पुष्कळदां ह्या सुकलेल्या पाण्यांतच असतें.

चेंबरपाशीं

आतांपर्यंत आम्ही घराच्या आंत होतों. पण कांहीं वेळां अडथळा घराबाहेर, इमारतीच्या चेंबरमध्यें वा बंगल्याच्या सेप्टिक टाकींत असतो. अशा वेळीं काय होतें, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. चिटणीस कोणालातरी निरोप धाडतात. एक माणूस येतो, उघड्या अंगानें, दोरीवांचून, पहार घेऊन आंत उतरतो. आणि आपण खिडकी लावून घेतों. बंद टाकींत व खोल गटारांत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायु सांचलेले असतात. पहिला वायु अंमळ अधिक असला तर नाकाची वास घेण्याची शक्तिच मारतो, त्यामुळें धोका कळत नाहीं. आणि आंत पडलेल्यास काढण्यासाठीं जो उतरतो तोहि बहुधा परत येत नाहीं.

२०१३ सालच्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत किंवा सेप्टिक टाकींत उतरविणें हा गुन्हा ठरविला आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास द्यावयाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. पैशानें जीव परत येत नाहीं हें उघड आहे. पण दोरीवांचून माणूस उतरविण्याची मुभा कोणाला नाहीं, हें तरी सोसायटीच्या सभेंत कोणीतरी बोललें पाहिजे. गटारें साफ करणारी पाण्याच्या जोराची गाडी शहरांत भाड्यानें मिळते. तिला चार पैसे अधिक पडतात. ते सर्वांनीं वांटून घ्यावे. त्यांत आपली वर्गणी प्रथम द्यावी.

ह्या संदर्भांत आम्हांला एका माणसाची आठवण होते. ज्यांना लोक कोंकणचे गांधी म्हणत, ते अप्पासाहेब पटवर्धन १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. संडास साफ करण्याचें काम आपणांस द्यावें, असें त्यांनीं मागितलें. वरच्या जातीच्या कैद्याला तें काम देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. तेव्हां त्यांनीं उपवास आरंभिला, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून महात्मा गांधींनींहि त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपवास धरला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं हें सफाईचें काम आयुष्यभर चालविलें. आपल्यासारख्यांच्या घरांत जन्मलेला एक विद्वान् माणूस, जें काम आपण दुसऱ्याच्या नशिबीं लिहून मोकळे झालों, तें मागून घेण्यासाठीं उपाशी राहिला !

आमच्या घरीं सोंवळ्याचा कडकपणा कधींच गेला. पण मोरींत हात घालावयाचा तो दुसऱ्यानें, एवढा त्याचा अवशेष मागें राहिला होता. यंत्राचा माणूस, पूड, प्लंबर असे सारे मार्ग आम्हीं आधीं पाहिले आणि स्वतःचा हात सर्वांत शेवटीं पाहिला, तो ह्याच अवशेषामुळें. दोष यंत्राचा नव्हता, मोरीचाहि नव्हता. आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं आम्ही मोजे चढवून बसतों. नातू बॅटरी धरतो. त्याचा मोजा सांपडला होता, म्हणून तो हें काम आपल्या हक्काचें मानतो. मातोश्री दाराशीं खुर्चीवर बसून देखरेख करतात आणि टोपी परत बसविली कीं नाहीं, हें विचारल्याशिवाय उठत नाहींत.